डी ड्राइव्हमधली चौदा मिनिटं

“दीदी, वो डी वाला हिस्सा उड़ा दो. बस.”

पियुष तिच्या खुर्चीमागे उभा होता. आवाज चढलेला नव्हता, आणि प्रेमलाला भीती वाटली ती त्याचीच.

उरला औद्योगिक वसाहतीतल्या, लोखंडी सळ्या बनवणाऱ्या या रोलिंग मिलच्या ऑफिसात ती एकतीस वर्षं होती. आधी टाइपरायटर, मग हजेरी, आता कॉम्प्युटर. पियुषच्या आधी त्याचे वडील बाबाराव इथे मॅनेजर असताना कामगाराला भाजलं तर पाळी थांबायची. या सोमवारी कामगार नत्थू मशीनमध्ये सापडून गेला, आणि दुपारची पाळी वेळेवर सुरू झाली.

कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये साठायचं. त्यातली सोमवारची चौदा मिनिटं तिने पाहिली होती. पियुष हाताने आत जायला खुणावत होता. नत्थूने दोनदा मान हलवून नको म्हटलं, मग तो चालू मशीनच्या जाळीआड शिरला. सरळ, न अडखळता. नोटीसबोर्डावर मात्र लागलं होतं, मयत नशेत होता. तो कागद तिनेच टाइप केला होता.

“नत्थू पीत नव्हता, बाबू. तुम्हालेही माहीत आहे,” ती म्हणाली. “बाबारावसाहेब असते तर मले हे सांगाले आले असते का?”

“पापा के टाइम में कैमरे नहीं थे, दीदी.” तो हसला. “सात महीने बचे हैं न आपके? आराम से रिटायर होइए.”

तिने डिस्क मॅनेजमेंट उघडलं. पडद्यावर निळ्या पट्टीचे दोन लांब चौकोन आले, सी आणि डी. डीवर राइट क्लिक केल्यावर यादी उघडली. ‘डिलीट व्हॉल्यूम’ दाबलं की ती पट्टी काळी होणार होती, आतलं सगळं पुसलं जाणार होतं. त्याच यादीत वर आणखी एक ओळ होती, ड्राइव्हचं अक्षर बदलायची. अक्षर काढून टाकलं तर ड्राइव्ह कुणाला दिसत नाही, पण आतलं सगळं तसंच राहतं.

पियुष दाराकडे बघत होता. तिने अक्षर काढलं, ‘येस’ दाबलं आणि पडद्यावरची ती खिडकी बंद केली.

“गया?”

“पाहून घ्या.”

तो वाकला. ड्राइव्हच्या यादीत फक्त सी उरला होता. त्याने खुर्चीच्या पाठीवर हलकेच थोपटलं.

गुरुवारी कामगार खात्याचे इन्स्पेक्टर आले. नत्थूची बायको सुशीला दाराशी उभी होती. तिला आत या असं कुणी म्हटलं नव्हतं.

“रिकॉर्डिंग तो महीनों से बंद है, सर. दीदी से पूछ लीजिए,” पियुष म्हणाला.

इन्स्पेक्टर प्रेमलाच्या खुर्चीत बसले. इकडेतिकडे क्लिक करून त्यांनी हातातली फाइल मिटली.

पियुष तिच्याकडे वळला. “आज भैय्यालाल आपको गाड़ी से छोड़ देगा, दीदी. आपका बूढ़ापारा वाला घर उसका देखा हुआ है.”

बाहेर पियुषचा ड्रायव्हर भैय्यालाल गाडीला टेकून उभा होता. तिला कधी कुणी गाडीने सोडलं नव्हतं.

“साहब, ज़रा उठिए,” ती इन्स्पेक्टरांना म्हणाली.

इन्स्पेक्टर उठले. प्रेमला खुर्चीत बसली. तिने पुन्हा डिस्क मॅनेजमेंटची खिडकी उघडली. बिनअक्षराचा चौकोन अजून निळाच होता. तिने त्यावर राइट क्लिक केलं आणि त्याचं अक्षर परत दिलं, डी.