एल्सबीला येते
आपल्याकडे आधी गाव असतं, मग रेल्वे येते. एल्सबीत उलटं झालं. मिनेसोटाच्या पश्चिम टोकाला, जिथे गवताशिवाय काही नव्हतं, तिथे रेल्वे कंपनीने रूळ टाकले, वाफेच्या इंजिनांना पाणी लागतं म्हणून टाकी बांधली आणि टाकीभोवती गाव वसवलं. हॉटेल, बेकरी, दोन चर्च, शाळा, हॉटेलच्या वरच्या मजल्यावर नाचाचा हॉल. मग डिझेल इंजिनं आली. त्यांना तहान लागत नव्हती, म्हणून गाड्या थांबेनाशा झाल्या. पुढे पॅसेंजरही बंद पडली. कंपनीचं काम झालं होतं; गावाने आता काय करायचं, हे तिने कुणालाच सांगितलं नाही. मला याचा अजून राग येतो, माझा काही संबंध नसताना.

संबंध एवढाच, की माझी बायको उपासना एल्सबीतल्या शेवटच्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होणारं, म्हणून मीही तिच्या मागोमाग गेलो आणि पहिला अख्खा हिवाळा कुरकुरत काढला. ते दुकान सोडलं तर गावात उरलं होतं एक पोस्ट, एक पेट्रोल पंप, आणि वेग जराही कमी न करता धडधडत निघून जाणारी मालगाडी.

"यार कुशल, पुण्यात ट्रॅफिक होतं तेव्हा पण तू कुरकुरच करायचास," उपासना म्हणायची. ते खरंच होतं.

शेजारी डोरीन राहायच्या. नव्वदीला टेकलेल्या, एल्सबीच्या शेवटच्या स्टेशनमास्तरांची मुलगी. उपासना त्यांची औषधं घरी नेऊन द्यायची आणि तासभर गप्पा मारत बसायची. आम्ही त्यांना डोरीनकाकू म्हणायचो. 'काकू' म्हणजे काय ते कळल्यावर त्या पोस्टातही स्वतःचं नाव तसंच सांगू लागल्या.

गेल्या उन्हाळ्यात औषधाचं दुकानही बंद झालं. उपासनाला तीन तासांवर, ईडन प्रेरी या शहरात नोकरी मिळाली. मी शीळ घालत सामान बांधलं. निघताना उपासनाने डोरीनकाकूंना मिठी मारली, डोळे पुसले आणि म्हणाली, "आय विल कम."

आता निघताना 'जाते' कोण म्हणतं? उपासनाचं नागपूरचं घर बौद्ध; शकुन-अपशकुन तिच्या पणजोबांनीच घराबाहेर काढलेले. पण 'जाते' हा शब्द काही त्या घरातल्या कुणाच्या जिभेवर येत नाही. इंग्रजी बोलतानाही हिच्या तोंडून 'येते'च निघालं.

"कधी?" डोरीनकाकूंनी विचारलं.

"लवकरच," उपासना रडत रडत म्हणाली, आणि आम्ही निघालो.

ऑक्टोबरात डोरीनकाकूंच्या मुलाचा, रॉजरचा फोन आला. आवाज तापलेला होता. आई जिन्यावरून पडली होती. थोडक्यात निभावलं, पण पुढचा हिवाळा तिने एकटीने काढणं शक्य नव्हतं. रॉजरच्या गावातल्या वृद्धाश्रमात खोली मिळत होती आणि आई जागची हलायला तयार नव्हती.

"तुम्ही येणार, असं सांगितलंय तिला?" त्याने उपासनाला विचारलं. "ती म्हणते, उपासना येणार आहे, आणि तिला दार बंद दिसलं तर?"

फोन ठेवून उपासना ओट्याला टेकून उभी राहिली. "मी प्रॉमिस नव्हतं रे केलं. मी नुसतं 'येते' म्हटलं."

"मग फोनवर एक्सप्लेन कर ना."

"फोनवर? 'मी येणारच नव्हते,' हे फोनवर सांगू?" ती म्हणाली. "शनिवारी ड्राइव्ह करू या."

जाऊन-येऊन सहा तास फक्त एका क्रियापदासाठी, असं मी पुटपुटलो. पण पेट्रोल मीच भरून आणलं.

डोरीनकाकूंचं दार नुसतं लोटलेलं होतं. घर गार पडलेलं, आणि त्या कोट घालून खिडकीशी बसलेल्या. मनगटाला पट्टी होती. आम्हाला पाहून त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी कॉफी ठेवली. ती उकळायच्या आत उपासनाने सगळं सांगून टाकलं: आमच्या भाषेत निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात, आणि त्याचा अर्थ येणार असा नसतो.

"मग काय असतो?"

मीच म्हणालो, "पाय निघत नाही, असा."

डोरीनकाकूंनी मान हलवली. "हॉटेलवाले गेले, बेकरीवाले गेले, शाळेतल्या बाई गेल्या. माझा रॉजरही गेला. सगळे गुडबाय म्हणाले. गुडबाय म्हटलं की वाट बघायची नसते, ते बरं असतं. गाड्या थांबेनाशा झाल्यावर बाबा वेटिंग रूम उघडून, स्टोव्ह पेटवून बसायचे, तेव्हा मी त्यांना हसायचे." त्यांनी आमच्यासमोर कप ठेवले. "पण तू 'येते' म्हणालीस. हे गाव सोडताना असं कुणी म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. इतकं बरं वाटलं मला."

उपासनाला हुंदका आवरेना. "सॉरी काकू. मी खरंच येणार नव्हते."

"आणि हे सांगायला तीन तास गाडी चालवून आलीस," डोरीनकाकू म्हणाल्या, आणि पोट धरून हसल्या. मग उपासनाच्या गालावरून हात फिरवला. तेवढ्यात मालगाडी गेली; कप टेबलावर थरथरले.

डोरीनकाकूंनी शांतपणे कॉफी संपवली, कप धुऊन पालथा घातला आणि रॉजरला फोन लावला.

"ती आली रे," त्या म्हणाल्या. "आता मला न्यायला ये."