दोन तुटक शिट्या

मी एक जुनी शिटी आहे. पितळेची, पोटात बुचाची गोळी असलेली. मित्रांनो, छत्रीचं किंवा खुर्चीचं आत्मवृत्त तुम्ही वाचलं असेल. ती मंडळी भाग्यवान. त्यांना कोणी तोंडात धरत नाही.

पहिली दहा वर्षं मी एका शाळेतल्या पीटीच्या बाईंकडे होते. त्या मला रोज नळाखाली धुवायच्या. त्या निवृत्त झाल्या आणि मी मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या एका सरांच्या गळ्यात पडले. सरांच्या तोंडात कालचा कांदा असतो आणि आजचं व्याख्यान. धुण्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

मैदानाच्या फाटकावर पाटी आहे : ‘खेळातून संस्कार’. दर शनिवारी पहिली पंधरा मिनिटं मूल्यांची. मुलं गोल करून उभी राहतात.

“पंचांचा निर्णय?”

“अंतिम.”

“प्रतिस्पर्धी?”

“मित्र.”

“खोटं?”

“बोलायचं नाही.”

मग सर मला दोनदा तुटक वाजवतात आणि सगळी मुलं धडाधड पडतात. तुम्ही बरोबर वाचलंत. तो पडण्याचा सराव.

“पोटरी धरा रे. गुडघ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आणि आधी पडा, मग ओरडा. गेल्या वेळी हा आधी ओरडला, पंचांना हसू आलं.”

सामन्यात शिटी पंचांची असते. म्हणून तिथे सर दोनदा खोकतात.

संघात एक अकरा वर्षांची मुलगी होती. चेंडू घेऊन गरकन वळायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. दोन वर्षं बाकावर बसून तिनं नऊ नंबरचा शर्ट मिळवला होता. त्याची घडी ती उशाशी घेऊन झोपायची म्हणे.

अंतिम सामना, रविवार. बरोबरी होती, पाच मिनिटं उरलेली. भिंगरी गोलपाशी पोहोचली आणि सर खोकले. सवयीनं ती पडली. पंचांनी पेनल्टी दिली. ती उठली, गुडघे झटकले आणि पंचांकडे गेली.

“काका, मला कुणी नाही पाडलं. आमचे सर खोकले, म्हणून मी पडले.”

खोकल्याचं पंचांना काही कळलं नाही, खरेपणा तेवढा कळला. पेनल्टी रद्द झाली. शेवटच्या मिनिटाला आम्ही हरलो.

“तुला काय शिकवलं होतं मी?” सरांनी विचारलं.

“खोटं बोलायचं नाही.”

“ते शनिवारचं. आज रविवार आहे. शर्ट धुऊन आणून दे.”

अर्ध्या तासानं आयोजकांनी खिलाडूवृत्तीचा चषक आमच्या संघाला दिला. तो घ्यायला सर गेले. “ही आमच्या संस्कारांची पावती,” असं म्हणताना त्यांचा गळा दाटून आला. मी त्यांच्या छातीवरच होते. आत एक ठोका चुकला नाही. मित्रांनो, कांद्याची सवय होते. किळस मला त्या दिवशी आली.

पुढच्या शनिवारी भिंगरी आली. धुतलेला, इस्त्री केलेला शर्ट सरांच्या हातात देऊन बाकावर जाऊन बसली. सरांनी तो पुढच्या फळीत तिच्याबरोबर खेळणाऱ्या जोडीदारणीकडे फेकला. “आजपासून नऊ नंबर तू.” चषक मध्ये ठेवून मूल्यं झाली. मग त्यांनी मला दोनदा वाजवलं.

कोणी पडलं नाही.

“गोळी अडकली वाटतं,” म्हणत सरांनी मला झटकलं आणि पुन्हा फुंकलं. इतकी स्वच्छ मी बाईंच्या काळातही वाजले नव्हते. मुलं उभीच.

“पडा ना रे. ऐकू येत नाही का?”

“सर,” जोडीदारीण म्हणाली, “आज शनिवार आहे.”

तिनं शर्टाची घडी केली, बाकापाशी गेली आणि भिंगरीच्या मांडीवर ठेवली. मग बाकीची मुलंही एकेक करून त्या बाकाकडे निघाली. गोलात सर उरले आणि चषक.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी मुलांना खेळ शिकवाल. तेव्हा शिटी वाजवण्याआधी एवढं करा : स्वच्छ धुवा. मला नंतर, आधी तोंड.