किल्लीची शीळ

फोटोवालीचा फोन तीनदा एंगेज लागला तेव्हा ताईने मनातल्या मनात तिचा उद्धार केला. चौथ्यांदा लागला. पलीकडून गोड आवाजात प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. माणसं किती, जागा कुठली, कपडे काय घालणार, फोटो कशासाठी? ताई घरी शिवणकाम करायची. गिऱ्हाइकाला असले सतरा प्रश्न विचारायची तिला सवय होती, उत्तरं द्यायची नव्हती.

"माणूस एक. माझा धाकटा भाऊ. जागा आमचं घर, तिसरा मजला. आणि बुधवारच्या आत पाहिजे."

"अहो ताई, पुढच्या महिन्यापर्यंत माझा एक दिवस रिकामा नाही. घरी येऊन काढायचे तर आधी उजेड बघावा लागतो, बसायची जागा ठरवावी लागते..."

"गुरुवारी त्याचा जबडा काढणार आहेत," ताई म्हणाली. "उजवा अर्धा. थोडा गाल, थोडा ओठ."

पँटची उंची सांगावी तशा आवाजात तिने हे सांगितलं. तोवर ती हे कुणाशीच बोलली नव्हती, शेजारणीशीसुद्धा नाही. पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"सोमवारी येते," मग ती म्हणाली. "चार वाजता. एक सांगा, फोटोत तुम्हाला नक्की काय दिसायला हवंय?"

"तो शीळ घालताना दिसायला हवा."

कुणाला हे खूळ वाटेल. शीळ ऐकायची गोष्ट, ती फोटोत कशी येणार? पण ज्याने या धाकट्याला गल्लीत पाहिलंय त्याला वाटणार नाही. धाकटा काचवाला होता. खांद्यावर पुरुषभर उंचीची काच, दोन्ही हात गुंतलेले, आणि समोरून येणारी माणसं आपल्याच नादात. ओरडलं तर माणूस दचकून उलट अंगावर येतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो शीळ घालायचा, लांबलचक, चढत जाणारी, आणि गर्दी आपोआप दुभंगायची. चाळीस वर्षांत त्याच्या काचेला कुणाचा धक्का लागला नाही.

दुसरी शीळ फक्त ताईसाठी होती. दोनच सूर, एक वर, एक खाली. इमारतीचं खालचं दार कायम कुलूपबंद असे. धाकट्याने लहानपणी त्याच्या तीन किल्ल्या हरवल्या होत्या. चौथी त्याच्या हातात द्यायची नाही असं ताईने तेव्हा ठरवलं, ते आजतागायत. ती लग्न होऊन गेली, दोन वर्षांत नवरा गमावून परत आली, आईवडील गेले, धाकट्याने लग्नाचं नाव काढलं नाही, पण त्याला वेगळी किल्ली काही मिळाली नाही. संध्याकाळी तो खाली उभा राहून शीळ घालायचा. मशीन कितीही खडखडत असलं तरी ताईला ती ऐकू यायची. मग ती कापूस भरलेल्या चिंध्यांच्या पिशवीत किल्ली घालून खिडकीतून खाली टाकायची आणि म्हणायची, "आले रे मेल्या!"

डॉक्टरांनी रिपोर्ट समजावून सांगितला तेव्हा धाकट्याने एकच प्रश्न विचारला होता. "शीळ येईल का हो?" डॉक्टरांनी कागद उगाचच सरळ केले. "ओठ नीट मिटणार नाहीत," ते म्हणाले. "बोलणंही किती येईल, बघावं लागेल." धाकटा मात्र जिन्यात म्हणाला, "लोक म्हणतात माझ्या जिभेला हाड नाही. आता जबड्यालाही नसणार. एकदाचा हिशेब बरोबर!" ताई हसली नाही. घरी येऊन तिने भांडी आपटत आपटत घासली.

फोटोवालीने तयारीच्या सूचना पाठवल्या होत्या. बारीक रेघांचा, चौकडीचा शर्ट नको, फोटोत तो थरथरतो. दाढी आदल्या दिवशी करावी. खिडकीच्या काचा स्वच्छ असाव्यात. हे शेवटचं वाचून धाकटा खो खो हसला आणि लगेच गालाला हात लावून बसला. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं काचवाल्याच्या घरातली काच धुळीने भरली होती. रविवारी त्याने ओला कागद घेऊन ती चारचारदा पुसली. ताई बघत होती. तो शीळ घालत नव्हता. काच पुसताना तो गप्प आहे, असं तिने पहिल्यांदाच पाहिलं. दुखत असणार, पण सांगणार नाही. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

तिने त्याच्यासाठी गडद निळा शर्ट शिवायला घेतला. मापांच्या वहीत त्याचं पान होतं, शाळेच्या गणवेशापासूनचं. गळ्याचं माप गेली वीस वर्षं तेच होतं, त्यामुळे घ्यायची गरज नव्हती. तरी तिने टेप त्याच्या गळ्याभोवती धरली. दीड इंच कमी भरलं. तिने टेप सरळ करून परत घेतलं. तेवढंच.

"किती आलं?" धाकट्याने विचारलं.

"होतं तेवढंच."

"खोटं बोलायला शिक जरा, ताई. आणि एक सांगू? तू मला मेल्या म्हणायचं बंद केलंस ना, तेव्हाच मी ओळखलं की काम बिघडलंय."

रिपोर्ट आल्या दिवसापासून तो शब्द तिच्या ओठावर यायचा आणि तिथेच थिजायचा. चाळीस वर्षं ती त्याला दिवसातून दहादा मेल्या म्हणाली होती. आपलीच वाणी तर भोवली नाही, हा विचार तिला खात होता. शिकल्यासवरल्या बाईने असं मनात आणू नये, हे तिलाही कळत होतं. कळून काय उपयोग?

सोमवारी फोटोवाली बरोबर चारला आली. धाकटा घरात नव्हता. शहाण्याने आदल्या दिवशी करायची दाढी विसरून त्याच दिवशी न्हाव्याकडे धाव घेतली होती. ताईचा जीव वरखाली होत होता. उजेड काय, धाकट्यासाठी थांबणार आहे थोडाच?

"येऊ द्या त्यांना सावकाश," फोटोवाली म्हणाली. तिने खिडकीजवळची खुर्ची जरा तिरपी केली. "तोवर तुम्ही बसा इथे. तुमच्यावर उजेड बघून घेते."

"माझे फोटो? छे छे. माझं थोबाड कशाला?"

"ते ठेवायचे नसतात, ताई. पुसून टाकते मी."

"नक्की पुसाल? मग बसते."

ताई बसली, आणि कुणी दात उपटायला आलंय अशी बसली. हात मांडीवर, पाठ ताठ, हनुवटी वर. फोटोवाली खिडकीचा पडदा सरकवत होती, मागे जात होती, पुढे येत होती. मधूनच कॅमेऱ्याचा खटका वाजायचा. ताईचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. साडेचार वाजून गेले.

आणि खालून शीळ आली. एक सूर वर, एक खाली.

ताई अर्धवट उठली. एक हात खुर्चीच्या दांड्यावर, दुसरा कमरेला खोचलेल्या किल्लीकडे, मान खिडकीकडे, आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "आले रे मेल्या!" खटका वाजला. तो ताईच्या कानावरच पडला नाही, कारण आपण काय बोलून बसलो हे ध्यानात येऊन तिने जीभ चावली होती. किल्ली खाली गेली. धाकटा वर आला, गुळगुळीत दाढी, हनुवटीवर ब्लेडने कापलेलं, नवा शर्ट, आणि चेहऱ्यावर उसनं अवसान.

त्यानंतरच्या तासाभराबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. फोटोवालीने त्याला बसवलं, उभं केलं, हातात काच दिली, काच काढून घेतली. सगळं छान झालं. फक्त शीळ आली नाही. "घाला ना शीळ," ती म्हणायची. धाकटा ओठांचा चंबू करायचा आणि नुसती हवा निघायची. एकदा त्याला हसू फुटलं, एकदा डोळ्यांत पाणी आलं. "ठरवून कधी घातलीच नाही हो," तो म्हणाला. "खांद्यावर काच नाही, ताई समोरच बसलेली. कुणासाठी घालू?" शेवटी त्याचा गाल दुखायला लागला आणि फोटोवालीनेच कॅमेरा खाली ठेवला.

"एवढं साधं काम झालं नाही माझ्याच्याने," जाताना दारात तो तिला म्हणाला. त्याच्या आवाजातली लाज ताईला ऐकवली नाही. ती आत जाऊन चहाचे कप विसळू लागली.

मंगळवारी तो बाहेर पडला नाही. बुधवारी दोघं मिळून दवाखान्यात गेले. म्हणजे सोमवारची ती शीळ शेवटची होती. हे ताईला गुरुवारी, ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर लक्षात आलं. आणि आपण तिला उत्तर काय दिलं होतं, हेही आठवलं. ती बाकावर बसून तोंडात पदराचा बोळा धरून रडली. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली. आत साडेसात तास लागले.

धाकटा घरी आला तो पाटी-खडू घेऊन. उजवीकडे गाल आत गेला होता, ओठाचा कोपरा खाली ओघळला होता, नाकात नळी होती. बोलायला जायचा तर नुसता घरघरणारा आवाज निघायचा, आणि त्याचा त्यालाच राग यायचा. त्यापेक्षा तो लिहायचा. परिचारिकेने ताईला बजावलं होतं की आता त्यांना हाक मारता येणार नाही, घराची एक किल्ली त्यांच्याकडे असू द्या. ताईने मुकाट्याने खालच्या दाराची दुसरी किल्ली करून आणली आणि दाराजवळच्या खिळ्याला लावली.

फोटोंचं पाकीट आलं तेव्हा दोघं खिडकीजवळ बसले होते. ताईने एकेक फोटो काढून पाहिला. चौदा फोटो, सगळे उत्तम. निळा शर्ट थरथरत नव्हता, उजेड गालावर सुरेख पडला होता. पण प्रत्येकात धाकटा ओठ मिटून बसलेला, ओळखपत्रावर चिकटवावा असा. ताईला वाटलं, एवढी धडपड केली ती याच्यासाठी? जे ठेवायचं होतं तेच हातातून निसटलं होतं, आणि आता कुणाला फोन करूनही ते परत मिळणार नव्हतं. तिने फोटो गोळा करून पाकिटात घालायला घेतले.

तळाशी आणखी एक फोटो होता, मागे चिठ्ठी चिकटवलेला. "ताई, हा पुसून टाकते म्हणाले होते. हात झाला नाही, माफ करा. तुम्हाला शीळ हवी होती ना?"

ताईने फोटो उलटला आणि झटकन पदराखाली घेतला. "इश्श, माझाच आहे. काहीतरीच!" धाकट्याने हात पुढे केला. तिने मान हलवली. त्याने हात तसाच धरून ठेवला, तेव्हा तिला द्यावा लागला.

फोटोत अर्धवट उठलेली एक म्हातारी बाई होती. केस विसकटलेले, एक हात किल्लीकडे गेलेला, मान खिडकीकडे वळलेली. आणि चेहरा असा उजळलेला, की तसा ताईने आरशात स्वतःचा कधी पाहिला नव्हता. पाहणार कुठून? शीळ आली की ती खिडकीकडे धावायची, आरशाकडे नाही.

धाकटा पुष्कळ वेळ फोटो बघत राहिला. मग त्याने पाटी ओढली.

"मी खाली असायचो," त्याने लिहिलं. "वर हे होतं ते मला माहीतच नव्हतं."

ताईला हुंदका आवरेना. त्याने पाटी पुसली, पुन्हा लिहिलं. "तोंड उघडं आहे. काय म्हणतेयस?"

खोटं बोलायला ती अजून शिकली नव्हती. "मेल्या म्हणत होते," ती म्हणाली.

धाकट्याचे खांदे हलू लागले. चेहऱ्याची डावी बाजू हसत होती, उजवी जागची हलत नव्हती, आणि पाणी दोन्ही डोळ्यांतून वाहत होतं. नळी सुटेल म्हणून ताईने घाईघाईने त्याचं डोकं धरलं आणि छातीशी घेतलं.

त्या फोटोसाठी काच त्याने स्वतः कापली. दुकानातली सगळ्यात निर्मळ काच घरी मागवून घेतली, चौकट बांधली, आणि तो भिंतीवर लावला. स्वतःच्या चौदांपैकी एकही लावू दिला नाही.

महिन्याभराने तो संध्याकाळचा दुकानात जायला लागला, थोडा वेळच. दुसरी किल्ली खिळ्यालाच होती. ताईने पहिल्या दिवशी ती त्याच्या खिशात घातली. त्याने ती काढून परत खिळ्याला अडकवली आणि जिना उतरून गेला.

ताईने साडेपाचला मशीन बंद केलं आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. पाय दुखायला लागले, तरी बसली नाही. सहाला धाकटा कोपऱ्यावरून वळला, नाकातोंडावर रुमाल बांधलेला, भिंतीच्या कडेकडेने चालत. दारापाशी आला, थांबला, मान वर केली. ओठ मिटवायचा प्रयत्न करताना रुमाल हलला. आवाज काहीच आला नाही.

"आले रे मेल्या!" ताई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, आणि तिने किल्ली खाली टाकली.