अकरा घरांचा एक अंगठा

कुरुंद्याजवळच्या एका गावात २००१ सालच्या श्रावणात गायरानावरची ज्वारी कमरेला लागली होती. चांगुणा एकटीच खुरपत होती. बौद्धवाड्यातली अकरा घरं वीस वर्षं ही पडीक जमीन कसत होती. आता ती त्यांच्या नावे व्हावी म्हणून तहसिलीत अर्ज गेले होते. तेव्हापासून गावाने बहिष्कार घातला होता. मजुरी बंद, गिरणी बंद, गाडीत बसवणंही बंद.

दुपारी नवरा जळबा धापा टाकत आला. "चांगुणे, सरिता अडली. सुईण म्हणती, दवाखान्यातच न्या."

सरिता त्यांची सून, पहिलटकरीण. मुलगा धम्मानंद पुण्याला बांधकामावर होता.

गावात जीप एकच, बहिष्कारात पुढे असलेल्या किसनरावांची. जळबा त्यांच्या ओसरीपुढे हात जोडून उभा राहिला. किसनरावांनी आधीच लिहून ठेवलेला कागद पुढे केला. अकराही घरं गायरानावरचा हक्क राजीखुशीने सोडत आहेत आणि सगळ्यांच्या वतीने जळबा अंगठा देत आहे. बदल्यात गाव बहिष्कार मागे घेईल.

"मालक, बाकीच्यायला इचारल्याबिगर कसा अंगठा देऊ?"

"ये की इचारून. जीप हितंच उभी हाय."

जळबाने अंगठा दिला.

वसमतचा दवाखाना दोन कोसांवर असताना चांगुणेच्या मांडीवर सरितेने मान टाकली. लेकरू पोटातच गेलं.

आठवड्यात गायरानाला तारा पडल्या. उभ्या ज्वारीत गुरं सोडली. गिरणी सुरू झाली, पण दळायला दाणे नव्हते. शेजारची निर्मलाबाई जळबाला म्हणाली, "दादा, सुनेसाठी तुमचा जीव तुटला, ते कळतंय मला. पर आमच्या लेकरायच्या तोंडचा घास काहून देऊन टाकला?" दिवाळीपर्यंत सहा घरं ऊसतोडीला निघून गेली.

तो कागद रद्द करावा, असा अर्ज घेऊन चांगुणा नवऱ्यासोबत तहसिलीत गेली. साहेबांनी किसनरावांचा कागद वाचला. "यात तर राजीखुशीने लिहिलंय. जबरदस्ती झाली, याला साक्षीदार कोण?"

"सून व्हती, साहेब," जळबा म्हणाला.

अर्ज फेटाळला गेला.

त्या संध्याकाळी चांगुणा निर्मलाबाईच्या दारात गेली. कितीतरी दिवस या दोन घरांचं बोलणं बंद होतं.

"ह्यायनं अंगठा दिला तो आमच्या घरचा," ती म्हणाली. "तुमच्या दहा घरायचा न्हाई. तुमचा हक कोन्ताच कागद घेऊ शकत न्हाई. उद्या हिंगोलीला कलेक्टरकडं जाऊन मी हेच सांगणार हाय. आमचं गेलं तरी जाऊ द्या."

निर्मलाबाई उंबऱ्यावर टेकली. तिने पदराने डोळे पुसले.

"एस्टी किती वाजता हाय?" तिने विचारलं.