रविवारची चिठ्ठी

उमेळ्यात आमच्या विहिरीवर दुपारी केळीच्या पानांची सावली डोलते. २००६च्या डिसेंबरात तिथेच प्रिस्का माझ्यासमोर बसली होती. तिसरीत मी तिची शिक्षिका होते. आता चांदीपच्या पलीकडे एका लहान खासगी दवाखान्यात ती नर्स होती.

गर्भपाताच्या गोळ्या डॉक्टरनेच लिहून द्यायच्या, हा नियम बदलून शिकलेल्या नर्सलाही ती परवानगी द्यावी, असा अर्ज नर्सेसच्या एका संघटनेने हायकोर्टात केला होता. त्यासाठी प्रिस्काने आपला जबाब मराठीत लिहिला होता. संघटनेच्या वकीलबाई त्याचं इंग्रजी करणार होत्या.

"टीचर, लाल पेन आणू नका हं. अजून घाबरते मी."

"वेलांट्या बघते फक्त," मी म्हणाले.

मी वाचत होते तेव्हा वर केळीची पानं हलत होती आणि त्यांच्या सावलीत अक्षरंही पाण्यातल्यासारखी हलत होती. डॉक्टर फक्त मंगळवारी येत. जाताना वीस कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेवत. आठवडाभर त्या प्रिस्काच भरायची, आणि तारीख घालायची मंगळवारची. सगळ्या दवाखान्याला हे ठाऊक होतं.

शेवटी एक चिठ्ठी टाचली होती. तिच्यावर तारखेसोबत वार होता, रविवार.

"ही कोणाची?"

"जिजाची. भातशेतीवर राबते, तीन पोरं आहेत. गोळ्या सात आठवड्यांपर्यंतच देता येतात, आणि तो तिचा एकोणपन्नासावा दिवस होता. मी म्हटलं, मंगळवारी ये. तर म्हणाली, 'मंगळवारपर्यंत दिस थांबंल का, बाय? पानी तरी थांबते का?'"

प्रिस्काने चिठ्ठी भरली, गोळ्या दिल्या, दोन दिवसांनी दुसऱ्या गोळ्यांच्या वेळी दिवसभर तिच्याजवळ बसली. जिजा बरी झाली.

"पण वार खरा का घातलास?"

ती हसली. "हात आपोआप उजव्या कोपऱ्यात गेला, टीचर. तारीख आणि वार, दोन्ही."

मला तिसरीचा वर्ग दिसला. खिडकीत चिकूची फांदी, चाळीस माना वाकलेल्या, आणि मी फिरतेय, उजव्या कोपऱ्यात तारीख आणि वार, आज जो दिवस आहे तोच लिहा, असं म्हणत. माझा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा वाटला.

"ही जोडू नकोस," मी म्हणाले. "नोकरी जाईल. मंगळवारची एखादी लाव."

"मंगळवारची लावली तर कोर्टाला काय दिसेल? डॉक्टर होते, सही होती, सगळं ठीक. मग नियम बदलायचा कशाला?"

"आणि डॉक्टर?"

"त्यांना सांगूनच आले. म्हणाले, 'लाव. सह्या करून माझा हात दुखतोय.'"

मी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. चिठ्ठीला हात लावला नाही. प्रिस्काने सही केली आणि वर उजव्या कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख घातली, माझ्याकडे न बघता.

फेब्रुवारीत कोर्टाने अर्ज सुनावणीला घेतला. त्याच आठवड्यात दवाखान्याने तिला घरी बसवलं.

आता ती दुपारी माझ्या ओट्यावर शिकवणी घेते. मुलं वह्या उघडतात. कोणी कालचाच वार लिहिला असेल, तर ती खोडायला लावते. मी आत बसून ऐकते. केळीची पानं हलत राहतात.