पहिल्या प्रश्नाचं उत्तर

चावीवाला दारासमोर गुडघे टेकून तारेने कुलूप चाचपत होता. घराची मालकीण, एक निवृत्त शिक्षिका, किल्ली आत विसरली होती आणि तिनेच त्याला बोलावलं होतं. ती जरा शेजारणीकडे टेकायला गेली, तेवढ्यात मागून हवालदार तीनदा ओरडला. चावीवाला जन्माचा बहिरा, तो आपला कामात गुंग. मानगुटीवर हात पडला तेव्हा कुठे त्याने वळून पाहिलं.

चौकीत त्याला स्टुलावर बसवून फोन काढून घेतला. बायकोला निरोप धाडायची सोयही गेली. खुणा करायला लागला तर हवालदाराने त्याचे हात खाली दाबले. गडी अंगावर येतोय असं वाटलं असणार. हवालदाराच्या मिशा इतक्या भरघोस, की त्यांच्याआड ओठ आहेत तरी का, असा चावीवाल्याला प्रश्न पडला. मिशी हलायची, थांबायची. थांबली की हा मान डोलवायचा. लहानपणापासूनची खोडच ती. मान डोलली की हवालदार काहीतरी लिहायचा. एवढं काय लिहितोय हा बाबा, याचं चावीवाल्याला भारी कुतूहल वाटू लागलं.

शेवटी कागद पुढे आला. हवालदाराने सहीची जागा दाखवली आणि कोठडीकडे अंगठा केला. सही केली की आत, हे कळायला ओठ लागत नाहीत. पण चावीवाल्याला वाचता तर येत होतं! सहीच्या जागेपासून तो खालून वर वाचत गेला.

'जबाब मला वाचून दाखवला, मी तो ऐकला, बरोबर आहे.' त्याच्यावर, 'याआधी चोऱ्या केल्यास का? हो.' त्याच्यावर, 'चोरी करायला आला होतास का? हो.' त्याला दरदरून घाम फुटला. मग नजर पहिल्या प्रश्नावर गेली आणि एवढ्या भीतीतही त्याला हसू आवरेना.

हवालदार अडवेपर्यंत त्याने कागद पलीकडच्या टेबलावर साहेबांपुढे नेऊन ठेवला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, मग तेच बोट कानाला लावून मान नकारार्थी हलवली.

साहेबांनी ओळ वाचली. "याला ऐकू येतं का, हे विचारलं होतंत?"

"सगळ्यात आधी तेच विचारलं, साहेब," हवालदार म्हणाला. "हो म्हणाला."

साहेबांनी कोरा कागद ओढून लिहिलं, 'सगळ्याला हो का म्हणालास?'

चावीवाल्याने थोडा विचार केला. असं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्याने लिहिलं, 'मान हलवली की लोक लवकर सोडून देतात.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. जबाब बाजूला सारून त्यांनी खाली नवा प्रश्न लिहिला, 'तुम्हांला तिथे कुणी बोलावलं होतं?' आणि पेन त्याच्या हातात दिलं.