घोड्याच्या पोटावरचं नाव

दिल्लीतल्या कुठल्याही मराठी घरात चहा मागा, कपबशीबरोबर पानिपतावर लढलेला एखादा पूर्वज येतोच. मी ऐकले तेवढे सगळे खरोखर असते, तर अब्दाली खैबरखिंडीतूनच माघारी वळला असता.

अण्णासाहेबांचे खापरपणजोबा त्यांतलेच. गुडगावात, जिथं परवापर्यंत मोहरी डोलत होती, तिथं अण्णासाहेबांनी बंगलेवजा कोठी बांधली आणि या पूर्वजाला हॉलमध्ये टांगायचं ठरवलं. चित्र कुठलं असायला? तेव्हा चेहरा स्वतःचाच द्यायचा ठरला. काम आलं माझ्या शेजारच्या अलकनंदाबाईंकडे.

बाईंनी जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढले, आणि प्रत्येक नकाशाखाली सही झाली ती साहेबाची. निवृत्त झाल्या त्या दिवशी मला म्हणाल्या, "आता रेघ माझी, तर नावही माझंच."

कॅनव्हासवर कोळशानं कच्चं रेखाटन झालं. घोड्यावर अण्णासाहेब, हातात भाला, खाली कोपऱ्यात बाईंचं नाव. अण्णासाहेब पाहायला आले, त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नाव पुसून टाकलं.

"सही नको हं बाई. आमच्या हॉलमध्ये दुसऱ्याचं नाव नको."

"चित्र मी काढतेय."

"आणि भिंत मी बांधलीय. गवंडी काय विटेविटेवर नाव घालतो?"

"मग तुमचं नाकही गवंड्याकडूनच काढून घ्या."

"नाकाचं सोडा. कोपरा कोरा राहील, शब्द द्या."

"दिला. कोपरा कोरा राहील."

अण्णासाहेबांची गाडी वळली, तशी बाईंनी कचेरीतली कॉपिंग पेन्सिल शोधून काढली. ओली केली की जांभळी उमटते, ती. चित्रकलेच्या वर्गात पहिल्याच दिवशी बजावतात, कॅनव्हासवर हिला हात लावू नका, वर कितीही रंग चढवा, ही सगळे थर फोडून बाहेर येते. खोटं नाही सांगत. आमच्या कचेरीतल्या बाबनं एका फायलीवर हिनं सही केली, तर ती टेबल फोडून खालच्या मजल्यावरच्या हेडक्लार्कच्या टकलावर उमटली आणि त्या टकलावर फाइल पास झाली.

बाईंनी पेन्सिल जिभेला लावली आणि घोड्याच्या पोटावर, पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत, ठसठशीत नाव लिहिलं. मग थर चढू लागले.

आधी टर्पेंटाइनमधला पातळ तपकिरी. अण्णासाहेब कडाडले, "आमचे खापरपणजोबा चिखलात पडले की काय?"

"अजून पडले नाहीत. पाडू का?"

मग चेहऱ्यावर हिरवट थर. त्यावरच कातडीचा रंग जिवंत दिसतो, पण हे अण्णासाहेबांना कोण सांगणार! "कावीळ झालेला माणूस भाला उचलेल का हो?"

"स्वभावाचा रंग आहे तो. वरून झाकते, काळजी नको."

मग खरे रंग, घोड्यावर जाडजूड पांढरा, आणि सगळं वाळल्यावर शेवटचा पारदर्शक हात. कोपरा कोरा. अण्णासाहेबांनी तो भिंग लावून तपासला आणि चित्र घेऊन गेले.

वर्ष उलटलं नाही तोच घोड्याच्या पोटावर जांभळी झाक आली. अण्णासाहेबांनी रंगाऱ्याकडून पांढरा मारून घेतला. अक्षरं वर आली. दुसरा हात मारला. अक्षरं आणखी गडद. घोडा रंगानं इतका फुगला की त्याच्या पोटाखाली पावसात दोन माणसं उभी राहिली असती. चित्र उतरवावं, तर भिंतीतही नाव उतरलेलं. शेवटी अण्णासाहेबांनी नाव तसंच ठेवलं आणि त्याला एक थाप चिकटवली.

पुढं त्यांच्या नातवाच्या मुंजीला बाई आणि मी गेलो. हॉल बिल्डर लोकांनी भरलेला. एकानं वाचायला घेतलं, "अ-ल-क-नं-दा. ये कौन है जी?"

"घोडी का नाम है," अण्णासाहेब बाईंकडे बघत म्हणाले. "बडी अडियल थी."

हॉल हसला. बाई लाडू खात होत्या. तो त्यांनी शांतपणे संपवला, हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा हिंदीत म्हणाल्या, "जी हाँ, घोडी ही थी. लड़ाई शुरू होते ही इनके पुरखे को पीठ पर लादकर भागी. पानीपत से सीधी दिल्ली! तभी तो ये खानदान बचा."

आता हॉल असा हसला की पंखे थांबले.

"झूठ!" अण्णासाहेब लालबुंद झाले. "कोई नहीं भागा! कोई घोडी-वोडी नहीं थी!"

"फिर ये नाम किसका?" बिल्डरनं विचारलं.

अण्णासाहेबांनी चित्राकडं पाहिलं, खापरपणजोबांकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं. दात आवळून, पण भरल्या हॉलमध्ये, त्यांना म्हणावंच लागलं, "चित्र बनानेवाली का. वो देखिए, वहाँ बैठी है."

बाईंनी मला कोपर मारलं. "ऐकलंत ना? आता आणखी एक लाडू आणा."